दादाभाईंची खातेवही

वर्सोव्याहून घाटकोपरास जाणाऱ्या मेट्रोने जे आमचे वाचक नित्य प्रवास करतात, त्यांस वर्सोव्यानंतरचे पहिलेच स्थानक डी. एन. नगर या नावाचे आहे हे सांगावयास नको. परंतु या दोन अक्षरांत कोणाचे नाव दडले आहे, असा प्रश्न डब्यातील दहा जणांस केला तर किती जण बरोबर उत्तर देतील याविषयी आम्ही साशंक आहो. ते नाव दादाभाई नौरोजी यांचे होय. इंग्रज सरकारच्या जमाखर्चाची वही हाती घेऊन, हा देश दरिद्री का, या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आकड्यांनी दिले, ते हे गृहस्थ. आपल्या दीर्घ आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी याच वर्सोव्याच्या समुद्रकाठी काढली. तेव्हा वर्सोवे हे मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचे कोळ्यांचे गाव होते.

दादाभाई ३० जून १९१७ रोजी वारले. त्यास बरोबर शंभर वर्षे पुरी झाली त्या दिवशी, म्हणजे ३० जून २०१७ च्या मध्यरात्री, दिल्लीस संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात वस्तू व सेवा कर सुरू झाल्याचा समारंभ झाला. आणि मुलुंड व दहिसर येथील नाक्यांवर मालाच्या गाड्या अडवून जकात घेण्याची जुनी चाल त्याच वेळी बंद पडली. हा योग कोणी जुळवून आणिला नसेल. तथापि उपनगरांतील व्यापारी मंडळींत तेव्हापासून करांविषयी जेवढी चर्चा झाली, तेवढी त्यापूर्वीच्या अनेक वर्षांत झाली नसेल. त्या चर्चेत दर किती, परतावा केव्हा, विवरणपत्रे किती, एवढेच विषय आम्हांस ऐकू येत आले. करासंबंधी विचारावयाचे जे मुख्य प्रश्न दादाभाईंनी घालून दिले, ते मात्र क्वचितच ऐकू येतात. म्हणून त्यांचे चरित्र आज पुन्हा वाचकांपुढे ठेवीत आहो.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी पुरोहित कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले आणि आई माणेकबाई यांनी त्यांस वाढविले. बाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या. परंतु मुलास शाळेत घालण्याचे धैर्य व चिकाटी त्यांच्या ठायी होती. त्या काळी एल्फिन्स्टन संस्थेत हुशार मुलांस फी पडत नसे. फी असती तर या विधवेचा मुलगा शिकला नसता, आणि पुढे जे काही घडले ते घडले नसते. लोकांच्या पैशावर आपण शिकलो, तेव्हा जे शिकलो ते लोकांचे देणे आहे, ही जाणीव दादाभाईंच्या मनात लहानपणीच रुजली व शेवटपर्यंत टिकली. करातून शाळा चालते आणि शाळेतून माणूस निघतो, हा धडा त्यांनी पुस्तकात वाचला नव्हता. तो ते स्वतः जगले होते.

पुढे त्याच संस्थेत ते गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले आणि लवकरच प्राध्यापकाच्या जागेवर चढले. तेथे ती जागा मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. पगार बरा, मान मोठा. एवढ्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. परंतु दादाभाई व त्यांचे सोबती यांनी १८४८ साली विद्यार्थ्यांची एक सभा स्थापिली आणि दुसऱ्याच वर्षी मुलींसाठी शाळा काढल्या. त्यांतील काही शाळा पारशी मुलींच्या होत्या, काही मराठी मुलींच्या. मराठी मुलींच्या शाळेस नाना शंकरशेट यांनी आपली जागा दिली. शिकविणारे हे तरुण विनावेतन काम करीत व आपली नोकरी सांभाळून शाळेस वेळ देत. घरोघर जाऊन मुली मागाव्या लागत. कित्येक घरांतून त्यांस जिन्यावरूनच परत लावीत, कारण मुलगी शिकली तर घर बुडेल अशी त्या काळची समजूत होती. जे लोक आज आपल्या मुलींस विलेपार्ल्याच्या वा घाटकोपरच्या महाविद्यालयांत बिनदिक्कत पाठवितात, त्यांनी त्या जिन्यांची आठवण ठेविली पाहिजे.

१८५१ साली त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र सुरू केले. खरे बोलणारा, असा त्या नावाचा अर्थ. पारशी समाजातील अंधश्रद्धा व अनिष्ट चाली यांवर त्या पत्राने टीकेचा मारा चालविला आणि त्याबद्दल स्वजातीयांचा रोषही पत्करिला. म्हणजे वयाच्या तिशीपूर्वी दादाभाई हे अर्थशास्त्रज्ञ नव्हते, राजकारणीही नव्हते; ते समाजसुधारक होते. पुढचे त्यांचे अर्थशास्त्र याच मुळातून वर आले आहे, हे ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळांस त्यांचे आकडे कोरडे वाटतात.

१८५५ साली ते कामा यांच्या पेढीचे भागीदार होऊन इंग्लंडास गेले. इंग्लंडात स्थापन झालेली हिंदी व्यापाऱ्यांची ही पहिली पेढी समजली जाते. प्राध्यापकाने व्यापार करावा हे त्यांच्या विद्वान मित्रांस रुचले नाही. परंतु व्यापार हे हलके काम आहे असे दादाभाईंनी कधी मानिले नाही. मात्र पेढीच्या व्यवहारांत दारू व अफू यांच्या नफ्याचा भाग होता. तो त्यांच्या पचनी पडला नाही. थोड्याच वर्षांत त्यांनी ती भागीदारी सोडिली आणि १८५९ साली कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढिली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर १८६५ साली कापसाचा भाव कोसळला. त्या वादळात मुंबईतील भल्याभल्यांच्या पेढ्या बुडाल्या, आणि दादाभाईंच्या पेढीसही फार मोठी खोट आली. पैसा गेला, पण पत गेली नाही. सरकारचा जमाखर्च तपासावयास पुढे सरसावलेल्या या माणसाच्या स्वतःच्या वह्या आधी अशा तावूनसुलाखून निघाल्या होत्या. या गोष्टीकडे आमच्या व्यापारी वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. तिच्याकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहो.

इंग्लंडात राहून त्यांनी जे पाहिले त्याने त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. दोन्ही देशांचा राजा एक. मग एक देश दिवसेंदिवस श्रीमंत का होतो आणि दुसऱ्यात वरचेवर दुष्काळ का पडतो? १८६६ साली त्यांनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापिली, दुसऱ्या वर्षी तिच्यापुढे या विषयावरील आपला पहिला निबंध वाचला, आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे हा एकच प्रश्न ते निरनिराळ्या रीतींनी विचारीत राहिले. त्यांचे लेख १९०१ साली एका मोठ्या इंग्रजी ग्रंथात एकत्र झाले. दारिद्र्य आणि ब्रिटिश नावास न शोभणारे राज्य, असा त्याच्या नावाचा आशय आहे.

त्यांची पद्धत साधी होती व म्हणूनच तिला उत्तर देणे कठीण गेले. त्यांनी एकेक प्रांत घेतला. त्यात किती जमीन पिकते, काय पिकते, त्याचा बाजारभाव काय, हे सरकारी अहवालांतूनच काढिले. त्यात मीठ, अफू, कोळसा, हातमाग वगैरेंचे उत्पन्न मिळविले आणि आलेल्या बेरजेस माणसांच्या संख्येने भागिले. १८६७-६८ सालासाठी हा भागाकार माणशी वर्षास सुमारे २० रुपये आला. मग त्यांनी दुसरा आकडा शोधिला, तो तुरुंगांच्या अहवालांत. कैद्यास जिवंत ठेवण्यापुरते अन्नवस्त्र द्यावयास सरकारला वर्षास किती खर्च येतो, हे त्या अहवालांत छापिलेले असे. दोन्ही आकडे शेजारी मांडिले तेव्हा असे दिसून आले, की सरकार चोरास जेवढे खावयास घालते तेवढे कष्टाळू रयतेच्या वाट्यास येत नाही. पुढे १८८२ साली सरकारी अधिकाऱ्यांनीच माणशी उत्पन्नाचा अंदाज २७ रुपये केला आणि १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपयांचा आकडा सांगितला. वाद २० की ३० एवढ्यावरच राहिला. दारिद्र्य खोटे आहे असे म्हणण्याची सोय सरकारपाशी उरली नाही.

या पायावर त्यांनी करांचा विचार रचिला. सरकारपक्षाचे लोक म्हणत, की इंग्लंडात माणशी कर जास्त आहे व हिंदुस्थानात फार कमी आहे, तेव्हा येथील रयतेने तक्रार करू नये. दादाभाईंनी दाखवून दिले की कराचा भार रुपयांनी मोजावयाचा नसतो, तो उत्पन्नाच्या हिश्श्याने मोजावयाचा असतो. ज्याच्या घरी महिन्यास लाख रुपये येतात त्याने दहा हजार दिले तर त्याची एखादी हौस कमी होते. ज्याच्या घरी आठ हजार येतात त्याने आठशे दिले तर त्याच्या मुलाचे दूध कमी होते. हिस्सा दोघांचा सारखाच, परंतु एकाचा कर चैनीतून गेला व दुसऱ्याचा ताटातून.

मिठावरील कर हे याचे सर्वांत उघड उदाहरण. मीठ राजास जेवढे लागते तेवढेच भिकाऱ्यास लागते. किंबहुना उन्हात राबणाऱ्यास अधिकच लागते. १८८८ सालापासून हा कर मणास अडीच रुपये होता. दादाभाईंनी विलायतेत आणि वाच्छा, गोखले प्रभृतींनी येथे त्याविरुद्ध लिहिण्याबोलण्याचा धडाका चालविला. १९०२ साली गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावरील आपले पहिले भाषण केले आणि सरकारची शिल्लक ही भरभराटीची खूण नसून रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतल्याची खूण आहे, असे दाखविले. त्यानंतर हा कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया असा उतरत गेला. भांडुप व मुलुंडकडील मिठागरे ज्यांनी रेल्वेतून पाहिली आहेत, त्यांनी हे ध्यानात आणावे की त्या पांढऱ्या ढिगांवर एके काळी असा कर होता, आणि तो उतरविण्यास प्रथम उपयोगी पडली ती आकड्यांची वही. पुढे १९३० साली विलेपार्ल्यास सत्याग्रहाची छावणी पडली; त्या चळवळीत दादाभाईंची नात पेरीनबाई कॅप्टन तुरुंगात गेल्या; आणि १९४७ साली तो कर उठला.

परंतु दादाभाईंचे मुख्य म्हणणे कराच्या आकाराविषयी नव्हतेच. ते कराच्या प्रवासाविषयी होते. कर घेऊन तो ज्यांच्याकडून घेतला त्यांच्यातच खर्च झाला तर तो पाटाच्या पाण्याप्रमाणे शेतात फिरतो. तोच देशाबाहेर गेला तर विहीर आटत जाते. येथील गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार व पेन्शने, लंडनमधील कचेरीचा खर्च, कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांस हमी दिलेले शेकडा पाच टक्के, आणि १८६८ च्या ॲबिसिनियाच्या स्वारीसारख्या, ज्यांच्याशी या देशाचा काही संबंध नव्हता अशा मोहिमांचा भार, या सर्व वाटांनी देशातील संपत्ती बाहेर जात होती. यास त्यांनी संपत्तीचा ओघ असे म्हटले. हा ओघ वर्षास नेमका किती, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत आणि दादाभाईंनी स्वतःचे आकडे वेळोवेळी बदलिले हेही खरे. तथापि कर कोठे जातो हे विचारल्यावाचून तो न्याय्य आहे की नाही हे सांगता येत नाही, हा त्यांचा सिद्धान्त त्या मतभेदाने ढळत नाही.

हा प्रश्न विचारण्यासाठी ते जेथे विचारता येईल तेथे गेले. १८७३ साली त्यांनी पार्लमेंटच्या कमिटीपुढे साक्ष दिली. १८७४ साली बडोद्याची दिवाणगिरी पत्करिली आणि कारभार सुधारता येत नाही असे दिसताच ती सोडिली. मुंबईच्या म्युनिसिपालिटीत ते बसले व प्रांतिक कायदेमंडळातही बसले. १८८५ साली गोवालिया टँकजवळ काँग्रेसचा जन्म झाला तेव्हा ते तेथे होते, आणि १८८६, १८९३ व १९०६ असे तीन वेळा तिचे अध्यक्ष झाले. १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी भागातून ते पार्लमेंटात निवडून आले, तेही बोटांवर मोजण्याइतक्या मताधिक्याने. स्त्रियांस मताधिकार असावा या पक्षास तेथेही त्यांचा पाठिंबा होता. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ साली नेमलेल्या वेल्बी कमिशनवर ते सभासद होते. बहुमताच्या अहवालाने काही थोडा भार इंग्लंडने उचलावा एवढेच सुचविले तेव्हा दादाभाईंनी वेडरबर्न व केन यांच्यासह आपला भिन्न अहवाल लिहिला.

येथे आम्हांस त्यांच्याशी असलेला एक मतभेद नमूद केला पाहिजे. १८८६ च्या कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्ष या नात्याने त्यांनी असे मत दिले, की काँग्रेसने राजकीय प्रश्नच हाती घ्यावे व सामाजिक सुधारणा ज्या त्या समाजाकडे सोपवाव्या. नाना जातींची व धर्मांची माणसे एका मंडपात टिकवावयाची होती, त्यामुळे या मतामागची अडचण आम्ही समजू शकतो. रानड्यांनी दुसऱ्याच वर्षी सामाजिक परिषद निराळी सुरू करून तीवर एक तोड काढिली. तरीही जिन्यांवरून परत फिरूनही मुलींच्या शाळा चालविणाऱ्या दादाभाईंनी हे दोन हिशेब वेगळे करावे, याचे आम्हांस वाईट वाटते. कारण सरकारच्या खात्यात जसा संपत्तीचा ओघ असतो तसा समाजाच्या खात्यातही असतो. घरातील मुलीस न शिकविणे, लग्नात कर्ज काढून जेवणावळी घालणे, एखाद्या जातीस तिच्या कसबाचे पुरते मोल न देणे, या वाटांनीही देशाचे धन जाते, आणि त्यास परका राजा लागत नाही. दादाभाईंच्या चरित्राचा पूर्वार्ध हे सांगतो. उत्तरार्धात त्यांनी ते सोयीसाठी बाजूस ठेविले. आपण ते दोन्ही भाग एकत्र वाचिले पाहिजेत.

ते एकत्र वाचिले म्हणजे काय होते याचे एक उदाहरण देतो. २०१७ साली नवा कर लागला तेव्हा स्त्रियांस मासिक पाळीच्या वेळी लागणाऱ्या नॅपकिनांवर शेकडा १२ टक्के कर होता. दर ठरविणाऱ्यांपुढे हा केवळ एक जिन्नस होता. परंतु शिकलेल्या मुली व बाया उघडपणे बोलू लागल्या, देशभर चर्चा झाली, आणि जुलै २०१८ मध्ये हा कर माफ करण्यात आला. मिठाचा प्रश्न आणि हा प्रश्न एकाच जातीचे आहेत: ज्या वस्तूवाचून चालत नाही तीवर कर बसविला म्हणजे तो गरिबावर अधिक बसतो. फरक एवढाच की या खेपेस हिशेब मागणाऱ्या स्त्रिया होत्या. मुलींच्या शाळेचे फळ अंदाजपत्रकात असे दिसून येते.

आता आमच्या उपनगरांविषयी. १९५० साली अंधेरी, घाटकोपर हा भाग आणि १९५७ साली बोरिवली, मुलुंडपर्यंतचा भाग मुंबईच्या म्युनिसिपालिटीत आला. तेव्हापासून कर उपनगरे देतात व शोभा शहराची वाढते, अशी कुरकुर येथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. ती खरी असेल वा खोटी. परंतु दादाभाईंप्रमाणे वही घेऊन बसल्यावाचून ती कुरकुरच राहणार. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभासदांवाचून, प्रशासकाच्या हातून कारभार चालला. त्या अवधीत घरपट्टी भरली गेली, अंदाजपत्रके मांडली गेली, आणि आमच्या बाजारपेठांतून त्याविषयी फारसा आवाज उठला नाही. ज्या गृहस्थाने करदात्याचा माणूस सभागृहात असावा म्हणून साठी उलटल्यावर परदेशात निवडणुका लढविल्या, त्याच्या शेजारगावी हे घडावे याची आम्हांस लाज वाटते.

आणि दुसरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ग्राहकास पावती हवी की नको असे विचारून दोन भाव सांगणारी दुकाने आमच्या उपनगरांत थोडीथोडकी नाहीत. असा दुकानदार संध्याकाळी रस्त्यातील खड्ड्यांबद्दल सरकारास बोल लावतो तेव्हा त्याच्या बोलण्यात जोर नसतो, आणि तो का नसतो हे त्याचे त्यास ठाऊक असते. कर जाचक असेल तर तो उघड लढून कमी करावा. लपवून बुडविलेला कर अखेरीस शेजारच्या प्रामाणिक दुकानदारावर आणि मीठ-मिरची विकत घेणाऱ्या मोलकरणीवर जाऊन बसतो. दादाभाईंनी अफूच्या नफ्याची भागीदारी सोडिली नसती तर साम्राज्यास जाब विचारताना त्यांचा स्वर तसा निर्भय राहिला नसता.

त्यांचा स्वभाव सौम्य होता आणि इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांनी गरजेपेक्षा अधिक काळ भरवसा ठेविला, असा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला. तो अगदीच निराधार नाही. १८९३ साली कॉमन्स सभेने सनदी नोकरीची परीक्षा दोन्ही देशांत एकाच वेळी घ्यावी असा ठराव केला व सरकारने तो बासनात गुंडाळून ठेविला, तरीही ते अर्ज-विनंत्या करीतच राहिले. परंतु १९०६ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, कलकत्त्याच्या व्यासपीठावरून स्वराज्य हाच उपाय असे त्यांनी सांगितले, तेव्हा तो निष्कर्ष रागाच्या भरात काढिलेला नव्हता. तो चाळीस वर्षांच्या हिशेबाखाली आलेली बाकी होती. त्यानंतर ते मायदेशी परतले आणि वर्सोव्यास राहू लागले. त्यांच्या वाढदिवशी लोक तेथे त्यांच्या दर्शनास जात.

आज त्या गावापर्यंत मेट्रो जाते आणि स्थानकाच्या पाटीवर त्यांच्या नावाची दोन अक्षरे आहेत. दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास महापालिकेचे अंदाजपत्रक प्रसिद्ध होते व ते कोणासही पाहावयास मिळते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील व्यापारी मंडळांनी, महिला मंडळांनी व गृहनिर्माण संस्थांनी ते मागवावे, एक संध्याकाळ त्यास द्यावी, आणि कर कोणाच्या कोणत्या मिळकतीतून आला, कोठे गेला व तो खर्च कोणास विचारून झाला, हे तीन प्रश्न कागदावर लिहून काढावे. त्याच संध्याकाळी आपल्या दुकानाची वहीही एकवार उघडून पाहावी. दादाभाईंच्या पुतळ्यास हार घालण्यास जेवढा वेळ लागतो त्याहून थोडा अधिक वेळ यास लागेल. परंतु त्यांस ओळखल्याचे समाधान याच कामात आहे, असे आमचे मत आहे.